किती पौंड टाकू?

टेनिसची रॅकेट गटिंगला, म्हणजे नव्या तारा ताणून बसवायला, टाकायला गेलं की दुकानदार मान वर न करता ताणाबद्दल एवढंच विचारतो, "किती पौंड?" आणि आपण क्लबमधल्या कुणाकडून तरी ऐकलेला आकडा ठोकून देतो, "पंचावन्न टाका." गट, म्हणजे तार, कोणती हे बहुतेक वेळा तोच ठरवतो. रॅकेट घेताना महिनाभर यूट्यूब पालथं घालणारा माणूस गटिंगला दोन मिनिटंही देत नाही. खरं तर चेंडूला रॅकेटची फ्रेम कधी लागतच नाही (लागली तर सगळ्या कोर्टाला ऐकू जातं). चेंडूची गाठ पडते ती तारांशी, तीही सेकंदाच्या दोनशेव्या भागापुरती. पापणी लवायला याच्या वीस-तीस पट वेळ लागतो.

'गटिंग' हा शब्दही मजेदार आहे. इंग्रजीत 'गट' म्हणजे आतडं. तारा प्लास्टिकच्या असल्या तरी शब्द आतड्याचाच राहिला. आपल्याकडे या वस्तूला तांत म्हणत. पिंजाऱ्याच्या धनुकलीला ताणून बांधलेली, कापूस पिंजताना टण् टण् वाजणारी तांत म्हणजे जनावराच्या आतड्याचाच पीळ. फ्रान्समधल्या लिऑन शहरात बाबोला घराण्याने १८७५ साली टेनिससाठी तांत वळायला घेतली, तेव्हा विम्बल्डनची पहिली स्पर्धाही अजून दोन वर्षं लांब होती. आधी मेंढीचं आतडं वापरत, पुढे गाईचं आलं. एका रॅकेटला साधारण तीन गाईंची आतडी लागतात. हे कळल्यावर आपल्याकडच्या काहींचा हात आखडतो. किंमत कळल्यावर उरलेल्यांचा.

तरीही दीडशे वर्षांत या तांतीच्या तोडीचं काही कारखान्यात पुरतं जमलेलं नाही. आतड्याच्या बाहेरच्या पदरात कोलॅजनचे तंतू असतात. ते ताणले की सहज लांबतात, सोडले की पूर्ववत होतात, आणि ताण फार दिवस धरून ठेवतात. चेंडू आदळला की तारांची जाळी आत जाते, धक्का जास्त वेळात वाटला जातो आणि कोपराला कमी बसतो. आराम म्हणतात तो एवढाच. नायलॉन यापेक्षा ताठ, पॉलिएस्टर त्याहून ताठ, आणि केव्हलार (बुलेटप्रूफ जाकिटातला धागा) तर जवळपास कुंपणाची तार. तांतीचं वैर पाण्याशी. ओल लागली की ती फुगते, तिचे पदर सुटतात. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हजारो रुपयांची तांत लावणं मला तरी पटत नाही.

आता पौंडांकडे वळू. घट्ट गटिंग म्हणजे जोरदार फटका, असा बऱ्याच जणांचा समज असतो. गंमत अशी की नेमकं उलट घडतं, आणि त्याचं कारण चेंडूत आहे. टेनिसचा नियम सांगतो की २५४ सेंटिमीटरवरून काँक्रीटवर टाकलेला चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. म्हणजे नवा कोरा, पास झालेला चेंडूसुद्धा एका आपटीत जवळजवळ निम्मी ऊर्जा गिळतो. तारांचं तसं नाही, त्यांना दिलेल्या ऊर्जेतली नव्वद टक्क्यांहून जास्त त्या परत करतात. थोडक्यात, चेंडू उधळ्या आहे आणि जाळी हिशेबी. जाळी सैल असेल तर दबण्याचं काम ती करते आणि चेंडू कमी चेपतो, म्हणून ऊर्जा कमी वाया जाते. जाळी घट्ट असेल तर ती हलत नाही, चेंडूच भाकरीसारखा चेपतो आणि ऊर्जा त्याच्याच पोटात जिरते.

फरक मात्र फार मोठा नाही. पाच-दहा पौंडांनी वेग शेकड्यात एखाद-दुसरा बदलतो. पण कोर्ट पावणेचोवीस मीटर लांब आहे. तेवढ्या अंतरावर त्या एखाद्या टक्क्याने चेंडू हात-दीड हात पुढे पडतो, म्हणजे रेषेच्या आत पडणारा रेषेबाहेर जातो. शिवाय सैल जाळीतून चेंडू किंचित उशिरा आणि किंचित वरच्या कोनात निघतो. घट्ट गटिंगने 'कंट्रोल' येतो म्हणतात तो असा. जाळी चेंडूला वळण लावत नाही, तो कुठे पडेल याचा अंदाज पक्का होतो. स्वीडनचा टेनिसपटू ब्यॉन बोर्ग सुमारे ऐंशी पौंडांवर गटिंग करून घ्यायचा. हॉटेलच्या खोलीत ठेवलेल्या त्याच्या रॅकेटच्या तारा मध्यरात्री आपोआप तटातट तुटत. ते बोर्गलाच शोभत होतं, आपल्या खांद्याला नव्हे.

"मला दोन पौंडांचा फरकही कळतो," असं छातीठोक सांगणारे प्रत्येक क्लबात असतात. सिडनी विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रॉड क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्याने चांगल्या कसलेल्या खेळाडूंची परीक्षा घेतली. त्यातल्या बहुतेकांना पाच किलोंचा, म्हणजे अकरा पौंडांचा फरकही नीट ओळखता आला नाही. यात नवल नाही. हातातून निघालेला संदेश मेंदूपर्यंत पोहोचेतो चेंडू केव्हाच निघून गेलेला असतो. 'फील' म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो त्यात आवाजाचा वाटा मोठा आहे. म्हणूनच तारांत अडकवायचं ते रबरी बटण आवाज मारतं, पण कोपर वाचवत नाही. तारांची थरथर सेकंदाला पाच-सहाशे वेळा होते आणि तिच्यात दम नसतो. हाताला जाणवते ती फ्रेमची सेकंदाला दीडशेच्या आसपास होणारी थरथर, आणि तिला दोन ग्रॅमचं रबर काय रोखणार?

१९९७ साली क्रमवारीत ६६वा असलेला गुस्तावो कुएर्टेन फ्रेंच ओपन जिंकून गेला. त्याच्या रॅकेटमध्ये लक्सिलॉन नावाच्या बेल्जियन कंपनीची पॉलिएस्टरची तार होती. या कंपनीचा मूळ धंदा ब्रेसियरसाठी धागे बनवण्याचा. या तारेने खेळ बदलला, तो तिच्या गुळगुळीतपणामुळे. घासून मारलेल्या फटक्यात उभ्या तारा बाजूला सरकतात. नायलॉनच्या तारा एकमेकींत अडकून तिथेच राहतात. जुने खेळाडू दोन पॉइंटांच्या मधे बोटांनी तारा सरळ करत बसायचे ते त्यामुळेच. पॉलिएस्टर मात्र निसटतं आणि चेंडू अजून जाळीवर असतानाच झटक्यात जागेवर येतं. येता येता चेंडूला आणखी एक फिरकी देतं. त्यामुळे जीव खाऊन मारलेला चेंडूही शेवटी खाली वळतो आणि आत पडतो.

ही युक्ती एकदा आधीही सापडली होती. १९७७ मध्ये इली नास्तासेने न विणलेल्या, दुहेरी 'स्पॅगेटी' तारांच्या रॅकेटने खेळून गिलेर्मो विलासची क्ले (मातीच्या) कोर्टावरची सलग ५३ विजयांची मालिका तोडली. विलास वैतागून सामना अर्धाच सोडून गेला. मग नियम झाला की तारा एकमेकींत विणलेल्याच हव्यात. पॉलिएस्टर विणलेलंच असतं, त्यामुळे ते नियमात बसतं.

दुकानात मात्र हेच पॉलिएस्टर 'टिकाऊ' म्हणून विकलं जातं, आणि इथे माझा आक्षेप आहे. ते तुटत नाही, हे खरं. पण त्याचा ताण भराभर उतरतो आणि काही तासांच्या खेळात ते निर्जीव होतं. ताण उतरला तरी तार स्वभावाने ताठच राहते. व्यावसायिक खेळाडू दर सामन्याला नवं गटिंग करून घेतात, त्यांना याचं काय! आपण मात्र तीच मेलेली तार वर्षभर वापरतो, कारण ती तुटलेली नसते. मग कोपर दुखायला लागतं. टेनिस एल्बो टेनिस खेळणाऱ्यालाच होतो असं नाही. सचिन तेंडुलकरच्या कोपरामुळे २००४ साली हे दुखणं आपल्याकडे घराघरांत माहीत झालं. ताठ तार हे त्याचं एकमेव कारण नाही, पण दुखऱ्या कोपराला तिने आराम मिळणार नाही, एवढं नक्की.

म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा खेळणाऱ्याला, वाढत्या वयाच्या मुलांना आणि चाळिशीपुढच्या सगळ्यांना मी मल्टिफिलामेंट सुचवेन. नायलॉनचे शेकडो बारीक तंतू एकत्र वळलेली ही तार म्हणजे तांतीची शाकाहारी बहीण. ती पिंजते, तुटते, पण तुटते तेव्हा निदान आपल्याला कळतं. सारखी तुटत असेल तर तारेचा प्रकार बदलण्याआधी जाडी बदलून बघा. १.२० मिलिमीटरऐवजी १.३० घेतली तर दिसायला केसाएवढा फरक, पण तारेत माल सतरा टक्के जास्त असतो. फिरकी हवीच असेल तर पॉलिएस्टर फक्त आडवं लावा आणि उभ्या तारा मऊ ठेवा. काम जास्त उभ्याच करतात, तुटतातही त्याच. रॉजर फेडररने वर्षानुवर्षं उभी तांत आणि आडवं पॉलिएस्टर वापरलं. पूर्ण पॉलिएस्टरच लावायचं असेल तर फ्रेमवर छापलेल्या ताणाच्या पल्ल्याच्या खालच्या टोकाला राहा. आणि मे महिन्यात रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवू नका. तापल्या तारांचा ताण न खेळताच उतरतो.

तार मेली हे ओळखायला यंत्र लागत नाही. नवं गटिंग करून आणलं त्याच दिवशी रबरी बटण काढा, जाळीवर मधोमध दुसऱ्या रॅकेटच्या मुठीने टिचकी मारा आणि फोनमधल्या ट्यूनरवर तो स्वर टिपून ठेवा. तारेचा स्वर ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. ताण वीस टक्के उतरला की स्वर दोन अर्धस्वरांएवढा, पेटीवरच्या भाषेत दोन पट्ट्या खाली येतो. पहिल्या दिवशीचा स्वर षड्ज धरला तर जाळी आता खालच्या कोमल निषादावर बोलते आहे. तिथे पोहोचली की तारा कितीही धडधाकट दिसोत, कात्री घ्या. कापताना मधून सुरुवात करून एक उभी, एक आडवी असं कडेकडे जा, नाहीतर एकाच बाजूच्या ओढीने फ्रेम वाकायची.