संगणकाच्या सुट्या भागांची सुसंगतता
सुटे भाग घेऊन संगणक जोडताना ते एकमेकांत बसतात का आणि बसल्यावर चालतात का, याची खरेदीपूर्वी केलेली पडताळणी. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. न बसणारा भाग हातात घेताच कळतो. बसूनही न चालणारा भाग मात्र सगळी जोडणी उरकल्यावर घात करतो. त्यामुळे तपासणीचा खरा भर दुसऱ्या प्रश्नावर हवा.

सुरुवात प्रोसेसर आणि मदरबोर्डपासून होते. दोन्हींचा सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, एकच असावा लागतो, पण तेवढ्याने भागत नाही. इंटेलचा एलजीए ११५१ सॉकेट २०१५ मध्ये सहाव्या पिढीबरोबर आला. २०१७ च्या आठव्या पिढीने तेच नाव आणि तितक्याच पिना ठेवल्या, तरी १०० व २०० मालिकेच्या चिपसेटवर (बोर्डावरच्या नियंत्रक चिपवर) ती अधिकृतपणे चालत नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर कित्येक पिढ्या चालल्या. मात्र २०२० च्या रायझेन ५००० मालिकेतील प्रोसेसर जुन्या बोर्डावर बसवायचा तर आधी बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारी बोर्डावरची आज्ञावली, अपडेट करावे लागते. पेच असा, की अपडेट करायला संगणक सुरू व्हायला हवा आणि सुरू व्हायला अपडेट हवे. काही बोर्डांवर प्रोसेसरशिवाय, नुसत्या पेनड्राइव्हवरून बायोस भरता येते. कोणत्या प्रोसेसरला बायोसची कोणती आवृत्ती लागते, हे बोर्डाच्या उत्पादकाच्या यादीत दिलेले असते. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा ती यादी भरवशाची.

रॅममध्ये फसगत कमी. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असल्या तरी खाचेची जागा वेगळी असल्याने अदलाबदल होत नाही. एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड मात्र दोन्ही प्रकारांत मिळतात, म्हणून रॅम बोर्ड पाहून घ्यावी, प्रोसेसर पाहून नव्हे.

एम.२ हे बोर्डावर बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीचे (साठवणीच्या ड्राइव्हचे) नाव आकाराचे आहे, वेगाचे नाही. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब, एवढेच. एनव्हीएमई आणि साटा या डेटा पाठवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. फक्त एनव्हीएमई चालणाऱ्या स्लॉटमध्ये साटा प्रकारची एसएसडी नीट बसते, स्क्रूही लागतो, पण संगणकाला ती दिसत नाही. शिवाय कित्येक बोर्डांवर एखादा एम.२ स्लॉट वापरला की एखाद-दुसरा साटा पोर्ट बंद पडतो. हे बहुधा मॅन्युअलमध्ये, तेही तळटिपेत सापडते.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसते त्याच्या मानकाच्या) पिढ्या एकमेकींना सांभाळून घेतात. प्रश्न उरतो तो जागेचा आणि विजेचा. स्लॉटमधून कमाल ७५ वॉट, सहा पिनांच्या जोडणीतून ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॉट मिळतात. प्रोसेसरची आठ पिनांची केबल दिसायला तशीच असली तरी तिची रचना वेगळी असते.

सर्वांत महाग चूक मॉड्युलर एसएमपीएसच्या, म्हणजे केबल सुट्या करता येणाऱ्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, केबलची. केबलचे भागाकडचे टोक प्रमाणित असते, एसएमपीएसकडचे नसते. जुन्या एसएमपीएसची केबल नव्यात चपखल बसू शकते आणि चुकीच्या पिनेवर १२ व्होल्ट जाऊन ड्राइव्ह जळू शकतो. पीसीपार्टपिकरसारखी संकेतस्थळे सॉकेट, वॉट आणि कार्डाची लांबी जुळवून दाखवतात. घरात पडलेली जुनी केबल त्यांच्या यादीत नसते.

कॅबिनेटचे काम मोजपट्टीचे: एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिमी, मिनी-आयटीएक्स १७० × १७० मिमी, शिवाय कूलरची उंची.