रक्त किती वाजता घेतले?

गेल्या महिन्यात माझा भाचा कोथरूडला आमच्याकडे आला, तेव्हा त्याच्या हातात रक्ताचा एक रिपोर्ट आणि कॅप्सूलच्या दोन डब्या होत्या. वय ३४, हिंजवडीत रात्रपाळीची नोकरी, दोन वर्षांत सुटलेले पोट आणि झोपून उठल्यावरही न उतरणारा थकवा. रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा आकडा ठळक छापलेला होता: २५८. जिममधल्या ओळखीच्या एकाने त्याला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने सुरू करायला सांगितले होते. एका डबीवर ‘अ‍ॅड्रिनल सपोर्ट’ असे लिहिलेले होते. मी आकड्याच्या आधी कोपऱ्यातली बारीक ओळ वाचली. नमुना सायंकाळी ५.४० वाजता घेतला होता आणि भाचा भेळ खाऊन थेट तिथे गेला होता.

टेस्टोस्टेरॉन दिवसभर एका पातळीवर राहत नाही. तरुण पुरुषांत ते सकाळी सर्वाधिक असते, संध्याकाळपर्यंत उतरते आणि खाल्ल्यावर आणखी घटते. म्हणून ही तपासणी सकाळी उपाशीपोटी करायची असते आणि आकडा कमी आला, तर दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा करायची असते. जो दिवसा झोपतो, त्याची ‘सकाळ’ तो उठल्यावर सुरू होते, हेही डॉक्टरांना सांगायला हवे. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसीलीटर ही सीमा धरते, पण अशा दोन तपासण्या आणि सोबत लक्षणे असतील तरच निदान मानते. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्यांनीही काही यंत्रांवरचा आकडा चुकू शकतो.

इंजेक्शनाविषयी मात्र मला अधिक काळजी वाटते. मेंदूतील पीयूष ग्रंथी वृषणांना रसायनांमार्फत आदेश देते आणि त्या आदेशावर तिथे टेस्टोस्टेरॉन व शुक्राणू तयार होतात. बाहेरून संप्रेरक आले, की रक्तात भरपूर साठा आहे असे समजून मेंदू आदेश थांबवतो, वृषणांतील स्वतःचे उत्पादन मंदावते आणि शुक्राणूंची संख्या कधी कधी शून्यावर येते. औषध बंद केल्यावर ती पूर्ववत व्हायला अनेक महिने लागतात. भाच्याच्या लग्नाला दीड वर्ष झाले आहे, दोघांना मूल हवे आहे, आणि ही गोष्ट त्याला कोणीही सांगितली नव्हती! ज्यांची कमतरता खरोखर सिद्ध झाली आहे, त्यांना या उपचाराचा निश्चित फायदा होतो, परंतु रक्त दाट होत नाही ना, हे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, तपासून पाहत राहावे लागते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५,२०० हून अधिक पुरुषांवरील चाचणीत हृदयविकाराचा झटका व पक्षाघात वाढले नाहीत, तरी हृदयाची अनियमित लय आणि फुप्फुसातील गुठळ्या अधिक आढळल्या.

आता ‘अ‍ॅड्रिनल सपोर्ट’ लिहिलेली ती डबी. ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ म्हणजे ताणाने मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी दमतात, हा विचार १९९० च्या दशकात रुजला. २०१६ मध्ये ५८ अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संशोधकांना त्याला आधार सापडला नाही. थकवा खरा असतो, त्याचे लावलेले कारण खरे नसते. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की २०१८ मध्ये अमेरिकेत अशी १२ पूरके तपासली, तेव्हा सगळ्यांत थायरॉइड संप्रेरकाचे अंश आणि सातांत कोणते ना कोणते स्टेरॉइड निघाले. बाहेरून स्टेरॉइड दीर्घकाळ घेतले, की हीच अधिवृक्क ग्रंथी खरोखर सुस्त पडते, आणि मग ते एकदम सोडणे जिवावर बेतू शकते.

अधिवृक्क ग्रंथी निकामी होण्याचा खरा आजार वेगळा आहे. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये तो वर्णिला, आणि आपल्याकडे क्षयरोग हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. वजन घटणे, हिरड्या व तळहातांच्या रेषा काळवंडणे, रक्तदाब उतरणे, मीठ खावेसे वाटणे, ही त्याची लक्षणे. या ग्रंथीत तयार होणाऱ्या कॉर्टिसोल या संप्रेरकाची सकाळची पातळी आणि ग्रंथीला उत्तेजन देऊन केलेली चाचणी यांवरून तो ओळखता येतो.

भाच्याची बायको तेवढ्यात म्हणाली, “मामा, हे झोपेत इतके घोरतात, की मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो.” झोपेत श्वास अडखळला, तर थकवाही येतो; लठ्ठपणाची जोड असली, की टेस्टोस्टेरॉनही घसरते. आम्ही त्याला अंतःस्रावी विकारांच्या तज्ज्ञांकडे नेले. त्यांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर तपासायला सांगितले, टेस्टोस्टेरॉनची तपासणी योग्य वेळी पुन्हा करायला लावली आणि रात्रभराच्या झोपेची चाचणी लिहून दिली. ती येत्या गुरुवारी आहे.