पायात उतरणारी कळ आणि कमरेतले इंजेक्शन

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात जड घड खांद्यावर घेऊन चिखलातून चालणाऱ्या मजुराला, किंवा दिवसभर वाकून कपाशी वेचणाऱ्या बाईला, कधीतरी कमरेपासून मांडी-पोटरीतून पावलापर्यंत उतरणारी कळ गाठते. ‘गादी सरकली, नस दबली’ असे निदान गावातच होते आणि कोणीतरी सुचवते, ‘जळगावला जाऊन कमरेत इंजेक्शन घेऊन ये.’ ते घ्यावे की नाही, हे दुखते कुठे यावर बरेचसे अवलंबून आहे.

दोन मणक्यांमधील गादी फाटून तिचा मऊ गाभा बाहेर आला, की तो शेजारच्या नसेच्या मुळाला टेकतो. पायातल्या कळेचा या फाटलेल्या गादीशी असलेला संबंध १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या शल्यचिकित्सकांनी दाखवून दिला. मात्र नुसत्या दाबाने सारे उलगडत नाही, कारण एमआरआयमध्ये गादी पुढे आलेली दिसूनही काहीही न दुखणारी माणसे पुष्कळ असतात. गाभ्यातील रसायनांमुळे नसेच्या मुळाला दाह होतो, ते सुजते आणि मग साध्या खोकल्यानेही कळ उठते. कमरेतल्या इंजेक्शनातले स्टेरॉइड हे औषध हा दाह शमवते. गादी जागेवर बसवत नाही.

रुग्णाला पालथे झोपवून, कातडी बधिर करून, सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहत सुई मज्जातंतूंच्या आवरणाबाहेरील पोकळीत नेतात. आधी थोडा रंगद्रव सोडून तो नेमका कुठे पसरतो हे पाहतात आणि मगच स्टेरॉइड, बहुधा बधिर करणाऱ्या औषधासह, देतात. बधिरतेमुळे पाय लगेच हलका वाटतो, पण काही तासांत दुखणे परतू शकते. स्टेरॉइडचा गुण दिसायला काही दिवस लागतात, तेव्हा दुसऱ्याच दिवशी ‘इंजेक्शन वाया गेले’ असे ठरवणे घाईचे होय.

मिळणारा आराम मात्र बेताचा असतो आणि तो काही आठवडे, फार तर काही महिने टिकतो. तरीही माझ्या मते त्याचे मोल आहे, कारण सरकलेल्या गादीचा त्रास अनेकांमध्ये सहा ते बारा आठवड्यांत आपोआप ओसरतो आणि तेवढा काळ रुग्णाला झोपता-चालता यावे, हेच या उपचाराचे काम. कळ पायात न उतरता केवळ कंबर दुखत असेल, तर यातून फारसे हाती लागत नाही. वयोमानाने मणक्यातील नळी अरुंद झालेल्या ४०० रुग्णांवरील, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही नुसत्या बधिर औषधापेक्षा स्टेरॉइड घातलेल्या इंजेक्शनाचा फायदा नगण्यच ठरला.

मधुमेहींची साखर या इंजेक्शननंतर काही दिवस वाढते, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास रक्तस्रावाचा धोका असतो. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना आधीच सांगाव्यात. पक्षाघात किंवा दृष्टी जाणे यांसारखे गंभीर परिणाम अतिशय विरळ असले, तरी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये त्यांविषयी इशारा दिला आहे. लघवी अडली, शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर इंजेक्शनची वाट न पाहता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे, कारण तिथे तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज पडू शकते.