एका ढोलाला दोन माइक

गणेशोत्सवाला महिनाभर अवकाश असताना नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका लॉन्समध्ये ढोलपथकाचा सराव चालू होता आणि माझ्या ओळखीचा एक तरुण तो लॅपटॉपवर मुद्रित करत होता. नाशिक ढोलाच्या एका पानावर टिपरू, म्हणजे वाजवायची काठी, पडते आणि दुसऱ्या पानातून घुमारा उठतो, म्हणून त्याने दोन्ही बाजूंना एकेक माइक लावला होता. प्रत्येक माइक वेगळा ऐकला तेव्हा आवाज भरदार होता. दोन्ही एकत्र ऐकताच मात्र ढोल पत्र्याच्या डब्यासारखा वाजू लागला. पडद्यावरच्या शेकडो बटणांपैकी कोणते चुकले हे शोधण्यात त्याचा तासभर गेला.

बटणे सगळी जागच्या जागी होती. टिपरू पडते तेव्हा ते पान आत जाते, म्हणजे त्याच्यासमोरच्या माइकपाशी हवेचा दाब क्षणभर कमी होतो. ढोलाच्या पोटातली हवा त्याच वेळी दुसऱ्या पानाला बाहेर ढकलते, त्यामुळे तिकडच्या माइकपाशी दाब वाढतो. संगणकाकडे एका बाजूने उणे आकडे येतात आणि दुसऱ्या बाजूने अधिक, आणि त्यांची बेरीज केली की खर्जाचा बराचसा भाग त्या वजाबाकीत विरून जातो. यावर उपाय एका ट्रॅकच्या, म्हणजे एका माइकच्या स्वतंत्र मुद्रणाच्या, सगळ्या आकड्यांना उणे एकने गुणण्याचा. त्यासाठी जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये शून्यावर तिरकी रेघ मारल्यासारखे एक लहानसे बटण असते. ते दाबले आणि घुमारा परत आला.

संगीतनिर्मितीची साधने फार किचकट झाली आहेत अशी तक्रार करताना आपण सहसा बटणे मोजतो. मला ते मोजमाप अपुरे वाटते. एका बटणाचे काम दुपारभरात शिकता येते; दोन साधने एकत्र आल्यावर काय करतील हे ओळखणे अवघड असते, आणि अशा जोड्या साधनांपेक्षा फार वेगाने वाढतात. दोन माइकांची जोडी एकच, चार माइकांच्या 6, तर आठ माइकांच्या 28. त्यात प्रत्येक जोडीला अंतराचा हिशेब असतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. एक माइक दुसऱ्यापेक्षा एक मीटर लांब असेल तर तोच ठोका त्याच्यापर्यंत जवळपास 3 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि बेरजेत 170 हर्ट्झच्या आसपासचा आवाज कमजोर पडतो, कारण तेवढ्या वेळात त्या कंपनाची लहर नेमकी अर्धी सरकलेली असते. माइक वीतभर हलवला की दुसराच स्वर हरवतो.

टेपच्या काळात साधनेच मोजकी, त्यामुळे जोड्याही मोजक्या. 1960 च्या दशकात नावाजलेल्या स्टुडिओंतही चार ट्रॅकची टेप चाले. पाचवा आवाज हवा असेल तर आधीचे चार एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवावे लागत आणि तो निर्णय मग मागे घेता येत नसे. संगणकावरचे प्रो टूल्स हे मुद्रणाचे सॉफ्टवेअर 1991 मध्ये बाजारात आले तेव्हा त्यातही चारच ट्रॅक होते. खरा बांध फुटला तो 1996 मध्ये, जेव्हा स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी ही पद्धत आणली आणि बाहेरच्या कोणालाही स्वतःचे प्लगइन, म्हणजे आवाजावर काम करणारे जोड-सॉफ्टवेअर, लिहून त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला जोडता येऊ लागले. चढलेला आवाज आवरणारा कॉम्प्रेसर म्हणजे तोवर एक वजनदार पेटी होती, जी स्टुडिओत एक किंवा दोन असत. आता ते गणित झाले, आणि गणिताच्या पन्नास प्रती काढायला काही लागत नाही.

प्लगइन आले की क्रमाचाही प्रश्न येतो. इक्वलायझर ठरावीक स्वर उचलतो किंवा दाबतो. असे दोन एकामागे एक लावून त्यांची अदलाबदल केली तरी निकाल तोच राहतो, जसे आधी दोनने आणि मग तीनने गुणले काय किंवा उलट केले काय. कॉम्प्रेसरचा स्वभाव वेगळा आहे. आवाज एका पातळीच्या वर गेला की तो त्याला आवरतो, म्हणजे त्याचे वागणे आत येणाऱ्या आवाजावर ठरते. ढोलाचा खर्ज आधी कमी करून आवाज कॉम्प्रेसरकडे पाठवला तर तो फारसा दाबत नाही; उलट आधी कॉम्प्रेसर लावला तर तो खर्जाच्या जोरामुळे टिपरूच्या कडकडाटासकट सगळेच दाबतो, आणि नंतर खर्ज काढून तो कडकडाट परत मिळत नाही. पाच प्लगइन 120 क्रमांनी लावता येतात आणि दहा 36,28,800 क्रमांनी. यातले बहुतेक क्रम निरुपयोगी असतात हे खरे, पण कोणते ते कळायलाच उमेदवारी करावी लागते.

वेळेचे कोडे आणखी निराळे. सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने, म्हणजे मोजून घेतलेले आकडे, घेतले जातात. संगणक ते एकेक करून हाताळत नाही. तो त्यांचा गठ्ठा जमू देतो आणि त्याला बफर म्हणतात. 256 नमुन्यांचा गठ्ठा जमायला सुमारे 5.8 मिलिसेकंद लागतात, 1,024 नमुन्यांचा जमायला 23, आणि आवाज आत येताना व बाहेर जाताना मिळून हा उशीर निदान दुप्पट होतो. गठ्ठा लहान ठेवला तर लॅपटॉपला उसंत मिळत नाही आणि आवाजात टिकटिक येते. मोठा ठेवला तर हेडफोन लावून गाणाऱ्याला स्वतःचा आवाज मागाहून ऐकू येतो. त्याच्याच कवटीच्या हाडांतून कानात लगेच पोहोचलेला आवाज आणि हा मागून आलेला आवाज मिसळले की स्वर पोकळ वाटतो. गायक अशा वेळी आपलाच गळा बिघडला असे समजतो.

एमआयडीसी म्हटले की नाशिककरापुढे सातपूर आणि अंबड उभे राहतात. संगीतवाल्यांची मिडी (MIDI) तिच्याशी नावापुरतीच जवळची. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिंथेसायझरना एकमेकांशी बोलता यावे म्हणून 1983 मध्ये ही भाषा ठरली. कोणती पट्टी दाबली आणि किती जोराने, हे ती 0 ते 127 या आकड्यांत सांगते. दोन पट्ट्यांच्या मधली जागा तिला जड जाते: मींड घेण्यासाठी स्वर सरकवला तर त्या चॅनलवरचे, म्हणजे संदेशांच्या त्या वाहिनीवरचे, सगळेच स्वर एकदम सरकतात. पेटीबद्दल आपल्याकडे अशीच तक्रार होती. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये हार्मोनियमवर घातलेली बंदी सैल व्हायला 1971 उजाडले. मिडीची दुसरी आवृत्ती 2020 मध्ये जाहीर झाली आणि तिच्यात प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वळवता येतो. पण जुनी लाखो वाद्ये अजून वाजत आहेत, म्हणून नव्या साधनाला दोन्ही भाषा बोलाव्या लागतात. पांडवलेण्याच्या डोंगरात लाव्हाचा नवा थर जुन्यावरच बसलेला आहे, तसेच इथेही घडते, आणि नव्याजुन्याची ही जोडीही त्या हिशेबात मिळवायची.

त्या तरुणाने पुढच्या सरावाला आठ माइक नेले आणि घरी येऊन त्यांतले चारच ठेवले. प्लगइनांचा परिणाम पक्का करून त्याने प्रत्येक ट्रॅकची साधी वेव्ह फाइल काढून ठेवली आहे, कारण आजचे प्लगइन चार वर्षांनी नव्या संगणकावर उघडेलच असे नाही. फाइलींच्या डिस्कसोबत त्याच्या कपाटात एक शंभर पानी वही असते. कोणता माइक ढोलापासून किती वीत लांब होता आणि ते तिरक्या रेघेचे बटण कोणत्या ट्रॅकवर दाबले आहे, हे त्याने तीत पेनने लिहून ठेवले आहे.