पाणी एकदम क्लिअर, तरी मासे वर येऊन धापा का टाकतात?

रात्री सगळं ठीक होतं आणि सकाळी बघावं तर मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, एक-दोन तळाशी पडलेत, कल्ले लालभडक. पाणी मात्र स्वच्छ. मग घरात कोणीतरी म्हणतंच, सगळं पाणी काढा, टँक घासा, फिल्टर नळाखाली धुवून घ्या. प्लीज, फिल्टरला हात लावू नका!

बहुतेक वेळा हा अमोनियाचा प्रकार असतो आणि अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. मासे तो मुख्यतः कल्ल्यांमधून बाहेर टाकतात, शिवाय उरलेलं खाणं, दगडामागे मरून पडलेला मासा, हे सगळं कुजून त्यात भर. फिल्टरच्या स्पंजवर वाढलेले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. (ही दोन कामं वेगवेगळे बॅक्टेरियाच करतात असं खूप वर्षं मानलं जायचं, 2015 मध्ये दोन्ही एकटाच करणारा नायट्रोस्पिरा सापडला, तोही मत्स्यपालनाच्या टाकीच्या फिल्टरमध्ये.) या मंडळींना ऑक्सिजन लागतो आणि क्लोरीन चालत नाही. म्हणजे नळाखाली स्पंज धुतला की गेले. कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेरचा बंद डब्यासारखा) असेल आणि लाईट चार-पाच तास गेली तर आतल्या बंद पाण्यातला ऑक्सिजन संपतो, बॅक्टेरिया मरायला लागतात, आणि लाईट आल्यावर तेच सडकं पाणी टँकमध्ये येतं, त्यामुळे आधी ते ओतून टाकायचं आणि मगच फिल्टर चालू करायचा.

आता खरी गंमत पीएचची, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याची. टेस्ट किट एकूण अमोनिया दाखवतं, पण त्यातला थोडाच भाग जास्त विषारी रूपात असतो. 25 अंशांना पीएच 7 असेल तर साधारण अर्धा टक्का, पीएच 8 झाला की पाच टक्क्यांच्या वर, म्हणजे रीडिंग तेच आणि विष जवळपास दहापट. जुन्या टँकचा पीएच हळूहळू खाली गेलेला असतो, आणि त्यात उन्हाळ्यात बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी एकदम अर्धा टँक ओतलं की पीएच झटकन वर जातो आणि आधीपासून गपगुमान असलेला अमोनिया विषारी होतो. पाणी तर बदललं, तरी मासे का मेले, याचं उत्तर बरेचदा इथे असतं.

म्हणून आधी एअर पंप फुल करा, खाणं बंद (दोन-तीन दिवस न खाता मोठ्या माशांना काही होत नाही), मेलेलं-कुजलेलं बाहेर काढा. मग टँकचा आणि नळाच्या पाण्याचा, दोन्हीकडचा पीएच बघा. सारखाच असेल तर 30-40 टक्के पाणी बिनधास्त बदला, नळाचा जास्त असेल तर 10-15 टक्के करत दिवसभरात. नळाच्या पाण्यात क्लोरीन घालवायला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, टाकायचं विसरू नका. स्पंज फारच चिकट झाला असेल तर टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा.

अमोनिया उतरला की काही दिवसांनी नायट्राइट चढू शकतं, ते रक्तात जाऊन हिमोग्लोबिन निकामी करतं आणि कल्ले तपकिरी दिसायला लागतात. इथे मीठ कामाला येतं, कारण त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. 100 लिटरला 50 ते 100 ग्रॅम, वेगळ्या पाण्यात विरघळवून थोडं थोडं. झाडं आणि कोरीडोरास (तळाशी फिरणारे छोटे कॅटफिश) असतील तर कमीच टाका.