मेलानोमा मणक्यात उतरल्यावर: ‘याला लाईट लागू पडत नाही’ हे आलं कुठनं?

मिरजेत कॅन्सरच्या दवाखान्याबाहेर बाकड्यावर अर्धा तास जरी बसलं तरी "लाईट चालू हाय" हे कानावर पडतंच, रेडिएशनला इकडं सगळे लाईटच म्हणतात. मेलानोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, मणक्यात गेलेला पेशंट असला की मात्र घरच्यांना बऱ्याचदा ऐकावं लागतं की या कॅन्सरला लाईट लागू पडत नाही. या एका वाक्यापायी माणसं गाठोडं बांधून घरी परत जातात, म्हणून त्याचं मूळ नीट सांगायला पाहिजे.

1970 च्या दशकात लॅबमध्ये मेलानोमाच्या पेशींवर किरण सोडून बघितले तेव्हा दिसलं की रोजच्या छोट्या डोसातनं या पेशी बऱ्यापैकी सावरतात. तिथनं ‘रेडिओरेझिस्टंट’, म्हणजे किरणांना दाद न देणारा, हा शब्द चिकटला तो कायमचाच. खरं तर त्या प्रयोगांचा अर्थ इतकाच होता की थोडाथोडा डोस कदाचित पुरणार नाही, मोठा देऊन बघा. मग 1991 साली अमेरिकेतल्या एका ट्रायलचा निकाल आला, एका गटाला 8 ग्रेचे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसाचं माप) 4 डोस, दुसऱ्याला 2.5 ग्रेचे 20, आणि दोन्हीकडं साधारण 60 टक्के पेशंटच्या गाठी कमी झाल्या किंवा गेल्या. म्हणजे मोठ्या डोसाचा वेगळा फायदा दिसला नाही हे खरं, पण निम्म्याहून जास्त गाठींवर परिणाम झाला हेही तितकंच खरं, आणि हे दुसरं कुणी सांगतच नाही! वाद अजून मिटलेला नाही, पण ‘लागू पडत नाही’ असं सरसकट सांगणं मला चूकच वाटतं.

ऑपरेशनची गोष्टही अशीच वळणाची. आधी लॅमिनेक्टमी करायचे, म्हणजे मणक्याची मागची कमान काढून मज्जारज्जूला जागा करून द्यायची, पण गाठ बहुतेक वेळा पुढच्या भागात, त्यामुळं गाठ तिथंच राहायची आणि मणका उलट ढिला व्हायचा. नुसत्या लाईटपेक्षा त्याचा फायदा दिसेना म्हणून ऑपरेशन मागं पडलं. 2005 साली 101 पेशंटच्या ट्रायलनं चित्र पालटलं. मज्जारज्जूवरचा दाब थेट काढून, लागेल तिथं मणका स्क्रू-रॉडनं पक्का करून मग लाईट दिलेल्यांपैकी 84 टक्के चालू शकले, नुसत्या लाईटवाल्यांपैकी 57. ही ट्रायल सगळ्या प्रकारच्या कॅन्सरची होती, खास मेलानोमाची नव्हे, हे विसरू नये.

पुढं स्टिरिओटॅक्टिक लाईट आली, मज्जारज्जू वाचवून गाठीवरच मोठा डोस नेमका टाकायचा. 2021 च्या एका ट्रायलमध्ये 24 ग्रे दोन दिवसांत दिल्यावर तीन महिन्यांनी 35 टक्के लोकांचं दुखणं पूर्ण थांबलेलं होतं, जुन्या पद्धतीनं पाच दिवसांत 20 ग्रे दिलेल्यांत 14 टक्के. दुसऱ्या एका ट्रायलमध्ये असा फरक दिसला नाही.

औषधांत 1975 ते 2011 म्हणजे जवळपास एकट्या डकार्बाझिन या केमोच्या औषधाचा जमाना. 2011 ला इपिलिमुमॅब (इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध) आणि बीआरएएफ या जीनमधल्या बदलावरची पहिली गोळी आली, 2014 ला पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब ही इम्युनोथेरपीचीच औषधं. 2012 साली एका पेशंटची नोंद छापून आली, तिला इपिलिमुमॅब चालू होतं आणि मणक्याशेजारच्या गाठीला लाईट दिली, तर नंतर छातीतल्या आणि पाणथरीतल्या गाठीपण कमी झाल्या, जिथं लाईट दिलीच नव्हती! असं क्वचितच होतं, पण ज्याला लाईट लागू पडत नाही म्हणायचे त्याच कॅन्सरमध्ये हे झालं.

आपल्याकडचा घोळ मात्र वेगळाच आहे. आपल्या लोकांत मेलानोमा जास्त करून तळपायाला, टाचेला नाहीतर नखाखाली येतो, उन्हाचा फारसा संबंध नसतो. टाचेवर काळा पसरट डाग, मधे जरा ओलसर, आणि जत-आटपाडीकडचा शेतकरी त्याला कुरूप समजून ब्लेडनं तासत बसतो, मेडिकलातनं कॉर्न कॅप आणून लावतो. पुढं कधीतरी पाठ धरते, रात्री आडवं पडलं की जास्त, आणि फोटोत मणका खाल्लेला दिसला की आधी मणक्याचा टीबी आठवतो कारण तो इथं भरपूर. टीबीत सहसा दोन मणक्यांमधली गादीपण खराब होते, कॅन्सरमध्ये गादी बहुधा शाबूत राहून मणकाच पोखरतो, तरी खात्री बायोप्सीनंच, म्हणजे तुकडा काढून तपासूनच. तपासताना जुन्या टाचेच्या डागाचं कुणी विचारत नाही आणि पेशंट आपणहून सांगत नाही. आणि मणक्यात गेला तरी तो मेलानोमाच, ‘मणक्याचा कॅन्सर’ म्हणून निराळं औषध नसतं.

तळपायाच्या मेलानोमात बीआरएएफ बदल कमी सापडतो, इम्युनोथेरपीचा गुणही तुलनेनं कमी, शिवाय खर्च लाखांत. म्हणून इथल्या पेशंटसाठी लाईटचं महत्त्व उलट वाढतं. पाय जड पडायला लागले, मुंग्या आल्या, लघवी अडली, तर त्याच दिवशी एमआरआय करून डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) चालू करायला लागतं, कारण उपचाराच्या वेळी चालत असलेला माणूस बहुतेक वेळा चालता राहतो, आणि पाय पूर्ण गेल्यावर ते परत येण्याची आशा फार थोडी उरते.