गेम अवॉर्ड्समध्ये नॉमिनेट करणं वेगळं आणि व्होट करणं वेगळं

अवॉर्ड्सचा सीझन आला की गेमर्सच्या कुठल्याही ग्रुपमध्ये हे वाक्य येतंच, "माझा गेम लिस्टमध्येच नाहीये, मग व्होट कशाला करू?" आणि त्यावर कुणीतरी विचारतं की बाबा, नॉमिनेशनचा फॉर्म भरला होतास का. भरलेला नसतो. बऱ्याच जणांच्या डोक्यात असं असतं की नॉमिनेशन म्हणजे व्होटिंगचाच पहिला राउंड, तो चुकला तरी चालतो, खरं काम नंतर. मला नेमकं ह्याच्याबद्दल लिहायचंय, कारण लोकांनी चालवलेल्या अवॉर्ड्समध्ये ह्या दोन्ही पायऱ्यांवर विचारलेला प्रश्नच वेगळा असतो, आणि तुमच्या एका फॉर्मचं वजन पहिल्या पायरीवर कितीतरी जास्त असतं.

नॉमिनेशनला समोर कोरा फॉर्म येतो. लिस्ट नाही, फोटो नाहीत, फक्त रिकामे रकाने, आणि वर्षभरात काय काय खेळलो ते तुम्ही आठवून लिहायचं. प्रश्न असा असतो की ह्या वर्षातलं काय सुटता कामा नये. व्होटिंगला पाच-सहा नावं आधीच ठरलेली असतात आणि प्रश्न असतो की ह्यातलं सगळ्यात भारी कोणतं. आता समजा एखादा छोटा पझल गेम आहे, जो खेळलाय फार थोड्यांनी पण जे खेळलेत ते सगळे त्याच्या प्रेमात आहेत. सरळ व्होटिंगमध्ये तो मोठ्या गेमपुढे हरणार हे उघड आहे. पण नॉमिनेशनमध्ये हजार लोकांची नावं शेकडो गेम्सवर विखुरतात, तिथं चाळीस-पन्नास जणांनी एकच नाव लिहिलं तरी तो गेम फायनल लिस्टमध्ये येऊ शकतो, आणि एकदा तिथं आला की ज्यांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं ते तो उघडून बघतात.

ह्याचं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण ह्यूगो अवॉर्ड्सचं. हे मुळात सायन्स फिक्शन आणि फँटसीचे अवॉर्ड्स, १९५३ पासूनचे, वर्ल्डकॉन नावाच्या संमेलनाचे मेंबर देतात, आणि मोजणीपासून स्टेजपर्यंत सगळं काम व्हॉलंटियर लोक करतात, मागे कुठली कंपनी नाही. २०२१ मध्ये त्यांनी एका वर्षापुरती व्हिडिओ गेमची स्पेशल कॅटेगरी ठेवली होती, ती हेडीजनं जिंकली, आणि २०२४ पासून गेमची कॅटेगरी नियमित झाली. त्या २०२४ च्या सहा फायनलिस्टमध्ये बाल्डर्स गेट ३, ॲलन वेक २, झेल्डा टिअर्स ऑफ द किंगडम आणि स्टार वॉर्स जेडाय सर्व्हायव्हर होते आणि त्यांच्याच रांगेत शाँट्स ऑफ सेनार आणि ड्रेज. शाँट्स ऑफ सेनारमध्ये तुम्ही अनोळखी चिन्हांवरून भाषा उलगडत जाता, ड्रेजमध्ये बोट घेऊन मासे पकडता आणि रात्र झाली की समुद्रात भलतंच काहीतरी दिसायला लागतं, दोन्ही छोट्या टीमचे गेम. जिंकला बाल्डर्स गेट ३, त्यात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. पण ते दोन छोटे गेम त्या लिस्टमध्ये आले ते नॉमिनेशनचा फॉर्म भरणाऱ्यांमुळे आले, आणि माझ्या मते त्या वर्षी गेमच्या कॅटेगरीत लोकांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच.

आणि बघा, दोन्हीचा फरक ह्यूगोवाल्यांनी नियमातच धरलाय. फायनलला व्होट द्यायला त्या वर्षीच्या वर्ल्डकॉनची मेंबरशिप लागते. नॉमिनेशनला मात्र ह्या वर्षीचे आणि मागच्या वर्षीचे, दोन्हीकडचे मेंबर चालतात. म्हणजे नावं सुचवायला जास्त माणसं, जास्त वेगवेगळ्या आवडी, आणि निवड करायला ठराविक मंडळी. मला हे पटतं, कारण नावं सुचवताना खरा धोका हा असतो की चांगलं काहीतरी कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आता मोजणीकडे येऊ, ह्यात जरा रमायला लागेल पण फरक खरा इथंच कळतो.

ह्यूगोच्या नॉमिनेशनमध्ये तुम्ही एका कॅटेगरीत पाच नावांपर्यंत लिहू शकता, क्रम लावायचा नसतो, आणि फायनलमध्ये सहा जातात. पूर्वी सरळ बेरीज व्हायची, ज्याला जास्त फॉर्म तो आत. २०१५ ला काय झालं, एका गटानं आधीच ठरवून तीच ती नावं सगळ्यांनी भरायची अशी मोहीम चालवली, आणि काही कॅटेगऱ्यांमध्ये अख्खी फायनल लिस्टच त्यांची झाली. बाकीचे लोक संख्येनं जास्त होते पण त्यांची नावं विखुरलेली, त्यामुळे त्यांचं काही चाललं नाही. व्होटिंगला मग लोकांनी ५ कॅटेगऱ्यांमध्ये 'नो अवॉर्ड' जिंकवला, म्हणजे कुणालाच देऊ नका. ह्याच्यानंतर नॉमिनेशनची मोजणीच बदलली आणि २०१७ पासून नवीन पद्धत लागू झाली.

ती अशी. तुमच्या फॉर्मला एकूण एकच पॉइंट. पाच गेम लिहिले तर प्रत्येकाला ०.२, चार लिहिले तर ०.२५, एकच लिहिला तर त्याला पूर्ण १. मग दरवेळी सगळ्यात कमी पॉइंट असलेले दोन गेम शेजारी ठेवायचे आणि त्या दोघांत ज्याचं नाव कमी फॉर्मवर आहे तो बाद. बाद झालेल्या गेमचा तुमचा वाटा तुमच्याच उरलेल्या नावांमध्ये परत वाटला जातो. असं करत करत सहा उरेपर्यंत.

आकडे घेऊन बघू. समजा १०० जणांनी ठरवून तेच पाच गेम लिहिले. जुन्या पद्धतीत प्रत्येकाला १०० फॉर्म, म्हणजे पाचही आत. नवीन पद्धतीत प्रत्येकाला १०० गुणिले ०.२, म्हणजे २० पॉइंट. आता दुसरा एक गेम आहे, तो ६० वेगवेगळ्या लोकांनी लिहिलाय, प्रत्येकानं सोबत आपापल्या आवडीची आणखी तीन नावं दिलीत, म्हणजे सुरुवातीला ह्याला १५ पॉइंट. पण त्या लोकांची बाकीची नावं एकेक करून गळत जातात तसतसे त्यांचे पॉइंट ह्या गेमकडे सरकत जातात, १५ चे २०, ३०, आणि सगळी गळली तर ६० सुद्धा. तिकडे त्या ठरवून भरलेल्या पाच गेम्सचे पॉइंट मात्र एकमेकांत अडकून पडतात, कारण फॉर्म सगळे सारखे, एक बाद होईपर्यंत दुसऱ्याला काही मिळत नाही, त्यामुळे तळाला त्यांचीच एकमेकांशी गाठ पडते आणि त्यातले एक-दोनच शेवटपर्यंत टिकतात. त्या गटाला काहीच मिळत नाही असं नाही हं, १०० माणसं आहेत, त्यांनाही त्यांच्या वाट्याचं मिळतं, फक्त सगळी लिस्ट मिळत नाही. हे मला फार न्याय्य वाटतं.

व्होटिंगची मोजणी ह्याहून एकदम निराळी. तिथं क्रम लावायचा, पहिली पसंती, दुसरी पसंती, आणि त्यातच 'नो अवॉर्ड' हाही एक पर्याय. आधी सगळ्यांच्या पहिल्या पसंत्या मोजतात, कुणाला निम्म्याहून जास्त नसतील तर सगळ्यात खालचा बाद, आणि त्याला पहिली पसंती दिलेल्यांची मतं त्यांच्या दुसऱ्या पसंतीकडे जातात. म्हणून तुम्ही त्या छोट्या गेमला पहिली पसंती दिली आणि तो गळाला तरी तुमचं मत फुकट जात नाही. इथं शोधायचा असतो तो असा गेम ज्यावर जास्तीत जास्त लोक राजी होतील, आणि नॉमिनेशनमध्ये शोधायचे असतात असे गेम ज्यांच्यामागे कुणी ना कुणी मनापासून उभं आहे. नॉमिनेशनला नुसती बेरीज ठेवली की ठरवून आलेला गट जिंकतो, आणि व्होटिंगला पसंतीक्रम नसला की दोन सारख्या गेम्सची मतं फुटून तिसराच जिंकतो.

बाकी ठिकाणी ह्या दोन पायऱ्या कशा लावल्यात ते पटकन बघू. द गेम अवॉर्ड्स, २०१४ पासूनचे, सगळ्यात गाजावाजा असलेले, तिथं नॉमिनी ठरवते ज्युरी, म्हणजे मीडियातली मंडळी, आणि मुख्य कॅटेगऱ्यांमध्ये निकालात ज्युरीचं वजन ९० टक्के, पब्लिकचं १०. तुम्हाला नॉमिनेट करायचा अधिकारच नाही. प्लेयर्स व्हॉइस ही त्यांची कॅटेगरी पूर्ण पब्लिकच्या मतांवर चालते, पण सुरुवातीची लिस्ट त्यांनीच दिलेली असते. आयएफकॉम्प, म्हणजे टेक्स्ट गेम्सची १९९५ पासून चालू असलेली स्पर्धा, तिथं नॉमिनेशन हा प्रकारच नाही, लेखक आपला गेम स्वतः देतो आणि लोक १ ते १० मार्क देतात, अट एवढीच की किमान ५ गेम्सना मार्क द्यायचे, म्हणजे कुणी फक्त मित्राच्या गेमला दहा देऊन पळ काढू नये. त्याच टेक्स्ट गेमवाल्या लोकांचे एक्सवायझेडझेडवाय अवॉर्ड्स १९९६ च्या गेम्सपासून सुरू झाले आणि तिथं मात्र दोन राउंड, पहिल्यात वर्षभरातला कुठलाही गेम, दुसऱ्यात फक्त फायनलिस्ट.

स्टीम, म्हणजे कंप्युटर गेम्स विकणारं ऑनलाइन दुकान, त्यांच्या स्टीम अवॉर्ड्सचं थोडं सांगायला हवं, कारण बहुतेकांचा अनुभव तिथलाच. चालवते कंपनी, पण नावं प्लेयर्सच सुचवतात, २०१६ पासून, आधी नॉमिनेशन, जे २०२४ पर्यंत ऑटम सेलच्या वेळी असायचं, आणि मग विंटर सेलच्या वेळी व्होटिंग. नॉमिनेट केलं की बॅज मिळतो, जास्त कॅटेगऱ्या भरल्या की बॅजची लेव्हल वाढते, त्यामुळे लोक काहीही आठवेल ते भरून टाकतात असं मला वाटतं. २०२३ ला 'लेबर ऑफ लव्ह' ही कॅटेगरी, जी जुन्या गेमला वर्षानुवर्षं अपडेट देत राहणाऱ्या टीमसाठी आहे, ती रेड डेड रिडेम्प्शन २ नं जिंकली. गेम अप्रतिम आहे ह्यात वाद नाही, पण त्याच्या ऑनलाइन भागाला मोठे अपडेट देणं थांबवत असल्याचं कंपनीनं २०२२ मध्येच सांगितलं होतं, आणि त्याच लिस्टमध्ये डीप रॉक गॅलॅक्टिक होता, ज्याची टीम सतत नवीन काहीतरी देत होती. लोक व्होटिंगवर चिडले. माझं म्हणणं, ती गोष्ट नॉमिनेशनलाच बिघडली होती, कारण कॅटेगरीची व्याख्या वाचून तपासणारं कुणी मध्ये नसेल तर व्होटिंगला लोक आपल्याला माहीत असलेलं मोठं नावच निवडणार.

हे मधलं तपासायचं काम लोकांना दिसतच नाही. व्होट मशीन मोजतं. नॉमिनेशन माणसाला बसून साफ करावं लागतं, कारण एकच गेम कुणी 'बाल्डर्स गेट ३' लिहितं, कुणी 'बीजी ३', कुणी नुसतं 'बाल्डर्स गेट', आणि ते सगळं एका नावाखाली आणल्याशिवाय आकड्याला काही अर्थ नसतो. मग पात्रता. हाच गेम अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला, २०२० ला आला आणि पूर्ण रिलीज झाला २०२३ ला, तर तो कुठल्या वर्षाचा धरायचा हे आधी नियमात लिहिलेलं असावं लागतं. आणि ही तपासणी उघडपणे झाली नाही तर काय होतं तेही ह्यूगोनंच दाखवलंय. २०२३ ला चीनमधल्या चेंगडूत भरलेल्या वर्ल्डकॉनचे नॉमिनेशनचे आकडे २०२४ च्या जानेवारीत बाहेर आले तेव्हा कळलं की पुरेसे फॉर्म मिळूनही काही नावं नीट कारण न देता अपात्र ठरवली होती. व्होटिंग कितीही स्वच्छ असू दे, ती नावं मतपत्रिकेवर आलीच नाहीत. भरून न येणारं नुकसान आहे हे.

व्होटिंगच्या पायरीवरची चोरी वेगळी दिसते. २०२४ च्या ग्लासगो वर्ल्डकॉनला एका फायनलिस्टसाठी आलेली ३७७ मतं बाद केली गेली. व्हॉलंटियर्सना संशय आला तो नावांवरून, एका रांगेतली आडनावं सारखीच, फक्त पहिलं अक्षर एबीसीच्या क्रमानं बदललेलं, आणि काही नावं तर चक्क ओळीनं आकडेच, भाषांतर करून लिहिलेले. त्यांनी आकडा जाहीर केला, फायनलिस्टचं नाव सांगितलं नाही, कारण त्याला ह्याची माहिती होती असं धरायला त्यांच्याकडे काही आधार नव्हता. ठरवून केलेली नॉमिनेशन्स बहुतेक वेळा नियमात बसतात, खरी माणसं, खरे फॉर्म, म्हणून तिथं मोजणीच शहाणी लागते. खोटी मतं नियमातच बसत नाहीत, तिथं तपासणारा डोळा लागतो.

तुम्ही स्वतःच्या ग्रुपचे अवॉर्ड्स चालवत असाल तर पाच लोकांनी बसून लिस्ट बनवून थेट पोल टाकू नका, प्लीज. वर्षभर एक शेअर्ड शीट उघडी ठेवा ज्यात कुणीही गेमचं नाव आणि रिलीजची तारीख टाकेल, म्हणजे जानेवारीत आलेला गेम डिसेंबरमध्ये विसरला जात नाही. नॉमिनेशनला व्होटिंगपेक्षा जास्त दिवस द्या. फॉर्ममध्ये रकाने रिकामे सोडले तरी चालतील हे ठळक लिहा, नाहीतर लोक भरायचं म्हणून भरतात. आणि निकालाबरोबर दोन्ही टेबलं टाका, नॉमिनेशनचं सुद्धा, ज्यात लिस्टच्या जरासा बाहेर राहिलेला गेम कुठला आणि त्याला किती फॉर्म कमी पडले ते दिसेल. लहान ग्रुपमध्ये तो आकडा बऱ्याचदा दोन किंवा तीन असतो.